संकेश्वरच्या नदीत शंख का नाही, आणि आपल्याकडचा समुद्र कुठं शोधायचा

सर, तुमचा प्रश्न वाचला. सातवीच्या मुलांना घेऊन तुम्ही संकेश्वरला हिरण्यकेशीच्या पात्रात गेलात. तिथं एका मुलीला वळ्यावळ्यांचा, पांढरट-तांबूस दगड सापडला आणि हा दगड झालेला शंखच आहे असं सगळ्यांनी ठरवलं. एका मुलानं विचारलं, आमच्या देवघरातला शाळिग्राम नदीतच सापडतो ना, मग आपल्या नदीत का नाही सापडणार? तुम्हाला विचारायचंय ते असं, की बेळगाव भागातल्या नद्या-ओढ्यांत समुद्री जीवाश्म मिळतात का, आणि मिळत असले तर ते शोधायचे कसे.

मी बत्तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन घटप्रभा आणि मलप्रभेच्या काठानं फिरले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात त्या मुलाच्या प्रश्नापासून करते, कारण त्यानं अगदी मुळावरच बोट ठेवलंय. शाळिग्राम हा खराखुरा समुद्री जीवाश्म आहे. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काली गंडकीच्या पात्रात तो मिळतो. काळ्या गुळगुळीत गोट्याच्या आत जे चक्र दिसतं ते अमोनाइट नावाच्या, शंखात राहणाऱ्या समुद्री प्राण्याचं कवच. ज्युरासिक काळाच्या अखेरीस, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, आज जिथं हिमालय आहे तिथं समुद्र होता. त्याच्या तळाशी काळा चिखल साचत होता आणि मेलेले अमोनाइट त्यात गाडले जात होते. पुढं तो तळच उचलला गेला, त्याचा डोंगर झाला, आणि आता गंडकी तो डोंगर कापत खाली येते. शाळिग्राम गंडकीनं घडवला नाही. डोंगरात होता तो तिनं सोडवून आणला.

नदीकाठी जीवाश्म शोधणाऱ्यानं एवढं एक पक्कं धरावं: वरच्या अंगाला जो खडक आहे तोच नदीच्या पात्रात येणार. म्हणून पात्रात उतरण्याआधी नदी कुठल्या खडकातून येते ते बघायचं.

हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथं माथ्यावर जांभा आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. आजऱ्यापासून गडहिंग्लज, संकेश्वरपर्यंत ती बहुतेक या काळ्या पाषाणावरूनच वाहते. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्ह्याचे थर. जमिनीवर ओतलेल्या तापलेल्या लाव्ह्यात समुद्राचा शंख कुठून असणार? कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांचंही तेच. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी हा सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा. तिथं कितीही फिरलात तरी समुद्री जीवाश्म मिळायचा नाही.

मग त्या मुलीच्या हातात काय आलं? तुम्ही लिहिलंय त्यावरून तो अकीक, म्हणजे गारेच्या जातीचा वळ्यांचा दगड, असावा. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर हजारो वर्षं त्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतीवर आतल्या बाजूनं थरावर थर बसत गेले. तीच ती वळी. मुलांसमोरच तपासून बघा. चाकूच्या पात्यानं ओरखडा काढायला जा. अकीकावर ओरखडा उमटत नाही, उलट पात्याचंच लोखंड घासून काळपट रेघ उठते. मग वळी नीट बघा. अकीकातली वळी पोकळीच्या आकारानं जातात आणि बहुतेक बंद असतात, एकाच्या आत एक. शंखाचं वळण बंद नसतं. ते एका टोकाला सुरू होतं आणि रुंदावत बाहेर येतं. मुलांना वहीत दोन्ही काढायला लावा, बोटानं गिरवायला लावा. फरक त्यांचा त्यांनाच सापडेल. आणि तिला सांगा की दगड जपून ठेव. लाव्ह्यातला बुडबुडा आज तिच्या मुठीत आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता तुमचा खरा प्रश्न. आपल्याकडं समुद्र होता का? होता, फक्त फार जुना.

हिरण्यकेशी पुढं घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा गोकाकला जाते. गोकाकच्या धबधब्यावर तुम्ही मुलांना नेलंच असेल. झुलत्या पुलावरून समोरचा कडा बघा. पाणी सुमारे ५२ मीटर खाली पडतं ते काळ्या पाषाणावरून नव्हे, तांबूस-पिवळसर, आडव्या थरांच्या वालुकाश्मावरून. आपला मुलूख इथं बदलतो. लाव्ह्याची चादर दक्षिणेकडं विरत जाते आणि तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून यांना कलादगी खडक म्हणतात. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर याच खडकांचा. नविलतीर्थाला मलप्रभा ज्या खिंडीतून बाहेर पडते ती खिंडही यांचीच, आणि पुढं रामदुर्ग, बदामीपर्यंत हेच खडक.

कलादगीच्या थरांत वालुकाश्म आहे, शेल (चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड) आहे, आणि आपल्या कामाचे चुनखडक व त्याचाच भाऊबंद असलेला डोलोमाइटही आहे. गोकाकच्या पूर्वेला यादवाड, पुढं लोकापूर, या पट्ट्यात ते भरपूर आहेत. सिमेंटसाठी तिथंच खाणी आहेत. हा चुना उथळ समुद्रात साचला, त्याला १०० कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. कवचं असलेले प्राणी पृथ्वीवर आले ते साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला समुद्र आला, साचला, आटून गेला, तेव्हा शंख-शिंपले जन्मालाच यायचे होते. मासा नव्हता, खेकडा नव्हता, पोवळं नव्हतं. म्हणून आपल्या चुनखडकात शंख शोधायला जाणारा माणूस रिकाम्या हातानं परततो आणि ‘इथं काही नाही’ असं सांगतो. हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण तो बहुतेक वेळा जीवाश्मावर पाय देऊनच आलेला असतो.

त्या समुद्रात जे जगत होतं ते डोळ्यांना न दिसणारं होतं. सायनोबॅक्टेरिया, आपण ज्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते. घरामागच्या हौदाच्या भिंतीवर हिरवा बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर उथळ समुद्राच्या तळावर पसरायचा. लाटेबरोबर आलेला चुन्याचा बारीक गाळ त्या चिकट थरावर बसायचा. गाळाखाली ऊन मिळेना म्हणून ते जीव त्यातून वर सरकायचे आणि वर नवा थर धरायचे. पुन्हा गाळ, पुन्हा थर. हजारो वर्षं असं चाललं की त्याचा घुमट तयार होतो, खांब तयार होतो. दगड झालेल्या अशा रचनेला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. आपल्या भागातला समुद्री जीवाश्म तो हा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बेमध्ये आजही असे घुमट वाढताहेत. राजस्थानात चित्तोडगडजवळचं भोजुंदा आणि उदयपूरजवळचं झामरकोटडा इथले स्ट्रोमॅटोलाइट राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून राखले आहेत. आणि आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यातला प्राणवायू पहिल्यांदा साठवला तो याच जीवांनी. मुलांना हे जरूर सांगा.

ओळखायचा कसा ते जरा जवळून सांगते. माझ्या टेबलावर लोकापूरच्या बाजूच्या एका हळ्ळातून, म्हणजे ओढ्यातून, उचललेला तुकडा आहे, पावाच्या लादीएवढा. वरून नुसता राखाडी, खरबरीत, कुणी वळूनही बघणार नाही असा. डोलोमाइट उन्हापावसात झिजला की त्याच्या पाठीवर उभ्या-आडव्या भेगा पडतात, हत्तीच्या कातडीसारख्या. ही पहिली खूण. आता तुटलेल्या कडेवर बाटलीतलं पाणी ओता. ओलं झालं की थर उठून दिसतात: एक फिका, एक गडद, एक फिका, प्रत्येक थर जेमतेम मिलीमीटरभर. ते सपाट जात नाहीत. वर फुगतात, खाली येतात, पुन्हा फुगतात, एकावर एक पालथ्या ठेवलेल्या वाट्यांसारखे. माझ्या तुकड्यात तीन फुगवटे शेजारी शेजारी आहेत. दोघांच्या मधल्या घळीत बारीक कणांचा गाळ भरलाय, त्यात थर नाहीत. हे फार महत्त्वाचं, कारण फुगवटा वाढत होता तेव्हा शेजारच्या खळग्यात लाटांनी कचरा आणून टाकला होता, असं तो गाळ सांगतो. फुगवट्याची पाठ नेहमी वर, आकाशाकडं. ओढ्यात दगड उलटा पडलेला असला तरी यावरून कळतं की समुद्रात तो कसा बसला होता.

पाणी ओतून बघायची ही सवय मुलांना लावाच. हातोड्यापेक्षा पाण्याची बाटली जास्त कामाची.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल तुम्ही स्वतःजवळ ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका. चुनखडकावर थेंब टाकला की लगेच फसफसतो. डोलोमाइट सहसा गप्प बसतो. पण त्याच जागी चाकूनं खरवडून भुकटी केली आणि तिच्यावर थेंब टाकला की हळूहळू बुडबुडे येतात. अकीक आणि गारगोटी कशालाच दाद देत नाहीत. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं म्हणजे झालं.

आता शोधायची रीत. खडकाचा उघडा थर एकदम सापडत नाही, त्याचे तुकडे आधी सापडतात. पात्रातल्या गोट्यांच्या ढिगाजवळ बसा आणि जात लावा: काळे गोटे पाषाणाचे, पांढऱ्या गारा, तांबूस वालुकाश्म, राखाडी चुनखडक. चुनखडक मऊ असतो, पाण्यात लवकर झिजतो, लांबचा प्रवास त्याला झेपत नाही. म्हणून राखाडी थरांचा गोटा मिळाला, आणि त्यातही त्याच्या कडा अजून धारदार असल्या, तर त्याचं घर जवळच आहे. मग उगमाच्या दिशेनं चालायचं. दर शंभर-दोनशे पावलांवर थांबून पुन्हा गोटे बघायचे. जिथं ओढा मिळतो तिथं दोन्हीकडं बघायचं, मुख्य पात्रातही आणि ओढ्यातही. चालत चालत एके ठिकाणी ते गोटे येणं बंद होतं. तिथून मागं फिरायचं आणि शेवटचा गोटा मिळाला तिथपर्यंतचे दोन्ही काठ चाळायचे. थर त्यातच कुठंतरी असतो. मोठ्या नदीपेक्षा लहान ओढा बरा. घटप्रभेच्या पात्रात दहा गावांचे दगड मिसळलेले असतात, ओढा फक्त आपल्या शिवारातलं बोलतो.

वेळ सकाळी लवकर किंवा ऊन कललं की. तिरप्या उन्हात थरांच्या कडांची सावली पडते. दुपारी बारा वाजता तोच खडक कोरा दिसतो.

फसवणाऱ्या गोष्टी आपल्याकडं बऱ्याच आहेत. काळ्या पाषाणाचे गोळे कांद्यासारखे पापुद्रे टाकत सुटतात, रस्त्याच्या खोदाईत सगळीकडं दिसतात. ती झीज आहे, जीव नव्हे. वालुकाश्मात तांबड्या लोखंडी रंगाची वळी असतात. ती मूळ थरांना तिरकी कापून जातात. स्ट्रोमॅटोलाइटचे थर तसं कधीच करत नाहीत, ते शेजारच्या थराशी जोडलेले असतात. दगडाच्या सांध्यात नेचाच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती मँगनीजची. मुलं हमखास ‘झाडाचा ठसा’ म्हणून आणतात, पण तिला मधली शीर नसते आणि ती भेगेच्या पृष्ठभागावरच असते. नदीकाठच्या मातीत पांढरे, लांबट, हाडासारखे चुन्याचे खडे मिळतात. ते बहुधा झाडाच्या मुळांभोवती चुना धरून झालेले असतात. आणि गाळात सापडणारे दुहेरी झडपांचे शिंपले आजच्याच गोड्या पाण्यातले. आत मोत्यासारखी चकाकी असली आणि वजनाला हलके असले तर ते कालपरवाचेच समजा.

वालुकाश्माच्या लादीवर समांतर लाटांसारख्या वळ्या दिसल्या तर मात्र थांबा. सौंदत्तीच्या बाजूला लोक त्यांना सापाच्या खुणा समजतात. त्या पाण्याच्या लहरींच्या खुणा आहेत. लहरीचे दोन्ही उतार सारखे असले तर पाणी पुढंमागं हलत होतं, म्हणजे लाटा. एक उतार तीव्र आणि दुसरा सौम्य असला तर पाणी एकाच दिशेला वाहत होतं, तीव्र उताराच्या दिशेला. तो जीवाश्म नाही, पण १०० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा काठ कसा होता ते त्या लादीवर हात फिरवून कळतं. यल्लम्माला जाताना मुलांना तेवढं जरूर दाखवा.

बैलहोंगल, कित्तूर, खानापूर या बाजूला खडक आणखी जुने, पट्टिताश्म आणि शिस्ट, म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं पार बदलून गेलेले. तिथं वेळ घालवू नका.

गोकाक परिसरात समुद्री नसलेले जीवाश्मही आहेत, त्यांच्याबद्दल सांगायला हवं. लाव्ह्याचे दोन थर पडण्याच्या मधल्या काळात तळी साचली होती. त्यांच्या गाळाच्या पातळ थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख मिळतात. ते पाहून ‘समुद्र, समुद्र’ म्हणायचा मोह होतो, पण तो समुद्र नव्हे, तळंच. दुसरी गोष्ट रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाची. आपल्या या मुलखाचं भूशास्त्र पहिल्यांदा तपशिलानं मांडलं ते त्यानं. गोकाकजवळ एका ओढ्याच्या गाळात त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ साली त्यानं त्या गेंड्याला नाव दिलं, ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस. घटप्रभेच्या खोऱ्यात गेंडा चरत होता! आणि तो मिळाला कुठं, तर ओढ्यानं कापलेल्या काठात. म्हणून काठाच्या उभ्या कापात जड, दगडासारखं झालेलं हाड किंवा दात अडकलेला दिसला तर ओढून काढू नका. फोटो घ्या, कुठल्या थरात, वरून किती खाली ते लिहा, आणि जाणकाराला बोलवा. थरातून सुटलेल्या हाडाचं वय सांगणं फार अवघड होतं.

घटप्रभा आणि मलप्रभेच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारंही मिळतात. बदामासारखा आकार, दोन्ही बाजूंनी टवके काढलेले, कडेला धार. ती माणसानं घडवलेली आहेत. जिथं दिसली तिथंच असू द्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

उचलण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पात्रात सुटा पडलेला लहान तुकडा शाळेसाठी एखादा घ्यावा, उघड्या थराला हातोडा लावू नये. एका हळ्ळाच्या काठावर घुमटांची एक रांग होती. परातीएवढे एकेक घुमट, वरून झिजून त्यांची वर्तुळं झालेली. पंधरा वर्षं मी मुलांना तिथं बसवून शिकवलं. एका उन्हाळ्यात गेले तर तिथं खड्डा होता आणि शेजारी खडीचा ढीग. ज्यांनी काढली त्यांना ते काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून मी जिथं जाते तिथं आधी शेताच्या मालकाला बोलावते, पाणी ओतून दाखवते, मग मुलांना. दोन ठिकाणच्या मालकांनी बांध घालताना ती जागा सोडली. म्हणून परवानगी मागायला जाल तेव्हा नुसती परवानगी मागू नका, त्यांनाही दाखवा. कन्नड येणारं कुणी सोबत असू द्या, पुष्कळ फरक पडतो. धूपदाळच्या पक्षी अभयारण्यात आणि भीमगडच्या जंगलात मात्र काहीही उचलायचं नाही.

मुलांना न्यायचं तर जानेवारीनंतर, पाणी उतरल्यावर. पावसाळ्यात अजिबात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या नद्यांनी काय केलं ते आपण पाहिलंय. उन्हाळ्यातही हिडकल आणि नविलतीर्थ या धरणांच्या खाली पात्रात उतरण्याआधी गावात विचारा, धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. कापलेल्या काठाखाली मुलांना बसू देऊ नका, माती सुटते. कृष्णेच्या काठाला मगरी आहेत, तिकडं तर नकोच.

पहिल्या सहलीसाठी माझं सांगणं असं: सकाळी गोकाकचा कडा दाखवा, वाळूचे थर मोजायला लावा, मग यादवाडकडं निघा आणि एखाद्या लहान ओढ्यात उतरा. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. जो तुकडा घ्याल त्यावर तिथंच पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून नंबर टाका आणि वहीत गाव, ओढा, तारीख, आणि तुकडा सुटा होता की थरात ते लिहा. घरी गेल्यावर लिहू असं म्हटलं की राहतं.

आणि त्या मुलीच्या दगडाचे दोन फोटो पाठवा, एक कोरडा आणि एक ओला करून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. चाकूनं ओरखडा उठला की नाही तेही लिहा. उठला असेल, तर तो अकीक नाही आणि मला पुन्हा विचार करावा लागेल.